दोन तोंडांचा रुपया

लोक पैसे मोजून घेतात. सखारामअप्पा ऐकून घ्यायचे.

दूधवाल्यानं आठ आणे परत दिले की अप्पा ते नाणं अंगठ्याच्या नखावर ठेवून उडवायचे, उंबऱ्यालगत ठेवलेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर पडू द्यायचे आणि डोळे मिटायचे. नाणं घुमून, थरथरून गप्प होईपर्यंत दूधवाल्यानं जागचं हलायचं नाही. मग अप्पा एक डोळा उघडून म्हणायचे, "बराबर." किंवा म्हणायचे, "उचला." उचला म्हणजे नाणं खोटं आहे आणि ते घेऊन तुम्हीही निघा. मस्तगड आळीतली पोरं त्यांना खणखणअप्पा म्हणत. अप्पांना ते ठाऊक होतं. "खणखणच म्हणतेत ना? भद्द तर म्हणत न्हाईत?" एवढंच त्यांचं उत्तर.

एकदा मारुतीच्या देवळात आरती चालू असताना ताटात नाणं पडल्याचा आवाज झाला. अप्पांनी टाळ्या थांबवल्या आणि भर आरतीत विचारलं, "शिसं कोणी टाकलं?" त्या दिवसापासून आरतीचं ताट अप्पांच्या अलीकडूनच वळायला लागलं. पुजाऱ्याचं म्हणणं असं, की देवाला चालतं तर अप्पांना का चालू नये. अप्पांचं म्हणणं असं, की देवाला इचारलंय कोणी?

माझी आणि त्यांची ओळख खोलीपायी झाली. मी टेंभुर्णीचा. जालन्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि खोली शोधत मस्तगडात आलो. खोल्या पुष्कळ रिकाम्या होत्या, पण मी आडनाव सांगितलं की भरायच्या. त्या आठवड्यात माझ्या आडनावानं पाच खोल्या भरल्या. छप्पन साली आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, घरातलं सगळं बदललं. आडनाव तेवढं राहून गेलं होतं.

सहावं दार अप्पांचं. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ते राहू द्या. पेशगी काढा."

मी आगाऊ भाड्याच्या दहा-दहाच्या दोन नोटा पुढं केल्या. त्यांनी त्या मेलेलं झुरळ धरावं तशा दोन बोटांत धरल्या. "ह्याला वाजवू कसं मी?" शेवटी माझ्या खिशातली सुटी नाणी मागून घेतली, त्यातली दोन फरशीवर वाजवली, "बराबर" म्हणाले आणि किल्ली दिली. पुढं आळीतल्या दोघा-तिघांनी माझं आडनाव मुद्दाम येऊन त्यांच्या कानावर घातलं. अप्पा म्हणाले, "त्याचे पैसे बराबर वाजले. तुमचं काय म्हणणं हाय?" हा पुरोगामीपणा होता की निव्वळ धंद्याची सवय, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण खोली मिळाली.

निजामाच्या वेळी अप्पा सरकारी खजिन्यात पारखी होते. तेव्हा आपल्याकडं दोन रुपये चालायचे. हैदराबादचा हाली, त्यावर चारमिनार. आणि इंग्रजांचा कलदार, त्यावर राणी नाहीतर राजा. खजिन्यात थैल्या यायच्या आणि अप्पांनी एकेक रुपया दगडावर टाकून खरं-खोटं करायचं. तीस वर्षं हे केलं. मग राज्य गेलं, हाली गेला, चांदीही गेली, रुपया गिलटाचा झाला नाहीतर कागदाचा. अप्पांचा कान तेवढा नोकरीवर राहिला.

घरात ते एकटेच. बायको फार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. स्वतःची भाकरी स्वतः थापायचे. पण दारात वर्दळ असायची, कारण दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि गावोगावच्या उतरंडीतून, भिंतीच्या कोनाड्यांतून जुनी चांदी बाहेर निघाली होती. सराफ्यात जायच्या आधी माणसं अप्पांकडं यायची. अप्पा नाणं वाजवायचे, लहान काट्यात तोलायचे, कडेवरचे दाते नखानं मोजल्यासारखे करायचे आणि भाव सांगायचे. फुकट. "चांदी तोळाभर, राणीछाप, घासलेला. ह्याच्याखाली एक पैसा घेऊ नका." सराफ्यातले लोक अप्पांचं नाव निघालं की विषय बदलायचे.

फुकट सांगायचे म्हणून गोड सांगायचे असं मात्र नाही. आमच्या आळीत एक वकील होते. त्यांच्याकडं वाडवडिलांपासून आलेलं एक नाणं होतं, त्यावर राम-सीता-लक्ष्मण. वकिलांच्या मते ते थेट अयोध्येहून आलेलं. दिवाळीला पाटावर ठेवून पूजा व्हायची. एकदा त्यांनी मोठ्या कौतुकानं अप्पांना दाखवलं. अप्पांनी उडवलं, ऐकलं, कड बघितली. "वकीलसाहेब, रामाच्या राज्यात मशीन व्हतं का?"

"म्हणजे?"

"कडेला मशीनचे दाते हायेत. हे जत्रंतलं हाय. पूजा करा, बिलकुल करा, पण अयोध्या म्हणू नका."

वकील सहा महिने बोलत नव्हते.

गंमत अशी, की खरं, स्वच्छ, बिनचूक नाणं अप्पांना फारसं आवडायचं नाही. त्याची किंमत सांगून ते पाटावरून उठायचे. त्यांचा जीव होता चुकलेल्या नाण्यांवर. गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी अशी चाळीस-पन्नास नाणी कापसात गुंडाळून ठेवली होती. एका हालीवर चारमिनार दोनदा उमटलेला, टांकसाळीतल्या माणसाला सकाळीच चढली असावी तसा. एका कलदारावर राणी मधोमध न बसता कडेला सरकलेली, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. एका रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती काढलेला, पण तो लोकांना डुक्कर दिसला. मोठा गहजब झाला, सरकारनं ते रुपये परत घेतले आणि हत्तीची सोंड नीट काढून नवे पाडले. अप्पांकडं डुक्कर होता. तो ते पाहुण्याला शेवटी दाखवायचे, जेवणानंतर गोड द्यावं तसा.

"माल बराबर, ठोका चुकला," हे त्यांचं आवडतं वाक्य. चांदी खरी, टांकसाळ खरी, फक्त ठसा मारताना चूक झाली. मुंबईतले शौकीन अशा नाण्यांना पाहिजे ते मोजतात, कारण टांकसाळीत तपासणी असते आणि चुकलेलं नाणं बाहेर पडतं ते लाखात एखादं. याच्या उलट, "ठोका बराबर, माल खोटा" ही त्यांची सर्वांत मोठी शिवी. ती त्यांनी एकदा आमच्या हेडमास्तरांना बघून माझ्या कानात दिली होती, आणि मी वर्षभर हेडमास्तरांशी बोलताना हसू दाबत होतो. मी दिवसभर शाळेत पोरांच्या चुका लाल शाईनं खोडून घरी यायचो आणि इथं हा माणूस चुकांना कापसात झोपवायचा. संध्याकाळी मला भिंतीकडं तोंड करून बसवायचा आणि पाठीमागं नाणी टाकायचा. "सांगा." सुरुवातीला मला सगळी सारखीच वाटायची. सहा महिन्यांनी राणी आणि शिसं यातला फरक कळायला लागला. अप्पा म्हणाले, "कान आवाज धरून राह्यला. मास्तर असून शिकता तुमी."

डब्यात एक नाणं नव्हतं. दोन तोंडांचा रुपया. एका बाजूला राजाचं तोंड उठावाचं, आणि पालथा केला तर मागंही तेच तोंड, पण खोल गेलेलं आणि उलट दिशेला बघणारं. "तीस साल खजिन्यात बसलो. लाखो रुपये हातातून गेले. दोन तोंडाचा एक न्हाई आला," असं म्हणताना त्यांचा चेहरा गाडी चुकलेल्या माणसासारखा व्हायचा.

तो आला एका बाजारच्या दिवशी, पदराच्या गाठीत.

अप्पा परातीत भाकरीचं पीठ मळत होते. मी वह्या तपासत ओट्यावर बसलो होतो. चाळिशीची एक बाई दारात उभी राहिली. पायांवर धूळ, हातात रिकामी पिशवी.

"अप्पा म्हणतेत ते तुमीच का?"

"पीठ मळणारा दुसरा अप्पा दिसतो का हितं? बसा."

ती बसली. नाव कौतिकाबाई, गाव केदारखेडा. मुलीचं लग्न ठरलं होतं. सासूच्या पेटीत अकरा कलदार होते, त्यांना आकड्या लावून मुलीच्या गळ्यात माळ घालायची होती. त्यातले सात कौतिकाबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात दिलेले, चार सासरचे. सासू म्हणत होती, माळ दहाचीच करा. अकरावा खोटा आहे.

"सोनारानं काय सांगितलं?" अप्पांनी विचारलं.

"खोटाच म्हणला. ठेवून जा, चार रुपये देतो, म्हणला. न्हाई ठेवला मी." तिनं गाठ सोडली, पण रुपया पुढं केला नाही, मुठीत धरून ठेवला. "अप्पा, बावीस वर्षं झाले. भाजीत मीठ जास्त झालं तरी रुपया, पोरगी झाली तरी रुपया. दोन तोंडाचा रुपया दिला, दोन तोंडाचं घराणं हाय, असं म्हणती आत्याबाई. मी दादाला, माझ्या बापाला, इचारलं व्हतं, ते जायच्या आधी. खरं सांगा म्हणलं. ते म्हणले, बाई, बाजारात मला जसे भेटले तसे दिले, मला अडाण्याला काय कळतं." तिनं मूठ उघडली. "दादानं खोटा दिल्ता का, तेवढं सांगा."

अप्पांचे हात पिठानं भरलेले. त्यांनी ते धोतराला पुसले, जे ते कधी करत नसत. रुपया घेतला, पालथा केला, पुन्हा उलथा केला. मग वाजवला. मग पुन्हा वाजवला. एक नाणं दोनदा वाजवताना मी अप्पांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते तीनदा वाजवलं. काट्याच्या एका पारड्यात तो आणि दुसऱ्यात आपला चांगला कलदार ठेवला. काटा मधोमध उभा राहिला. 

मला एवढंच दिसत होतं, की या क्षणी अप्पांनी नुसतं "उचला" म्हटलं असतं, किंवा सोनारापेक्षा एक रुपया जास्त देऊ केला असता, तर त्यांच्या डब्यातली ती एकच रिकामी जागा भरली असती. आणि बाईनं विश्वास ठेवला असता.

"माल बराबर," अप्पा म्हणाले. रुपया तिच्या हातावर परत ठेवला. "ठोका चुकला."

"म्हंजी?"

त्यांनी परातीतला पिठाचा गोळा घेतला, आपल्या कलदारावरचा राजा त्यावर दाबला आणि उचलला. पिठात राजाचं तोंड खोल उमटलं होतं, उलट दिशेला बघत. "मशीनमधी पहिला रुपया वरच्या ठशाला चिकटून राह्यला. कोणी बघितलं न्हाई. खालून दुसरी चकती आली. तिच्यावर ठशाऐवजी तो चिकटलेला रुपयाच दाबला गेला. ती चकती म्हंजी तुमचा रुपया. हे असं. समजलं?"

कौतिकाबाईनं पिठाकडं पाहिलं, रुपयाकडं पाहिलं, पुन्हा पिठाकडं. "मंग चूक कोणाची?"

"टांकसाळीची. साहेबाची. तुमच्या बापाचा काय संबंध?"

ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. अप्पांना रडणाऱ्या माणसासमोर बसायची सवय नव्हती, म्हणून ते भाव सांगायला लागले. "अन् ऐकून घ्या. हा चांदीच्या भावानं विकायचा न्हाई. मुंबईचा शौकीन ह्या एकाला तुमच्या बाकीच्या दहाहून जास्त देईल. मी सोता तीस साल हुडकून राह्यलो."

"मला विकायचाच न्हाई. मला आत्याबाईला सांगायचंय. तुमी लिहून देता का?"

मी वहीतलं पान फाडून झोकात दाखला लिहिला: सदर रुपया अस्सल चांदीचा असून दोष टांकसाळीचा आहे. अप्पांनी सही केली. कौतिकाबाईनं कागद बघितला आणि परत दिला. "आत्याबाईला वाचता येत न्हाई. अन् येत असतं तरी म्हणली असती, सुनेनं पैसे देऊन लिहून आणलं."

हे बरोबर होतं. अप्पांनी राजा उमटलेला गोळा परातीत परत मळून टाकला.

"येतो मी," ते म्हणाले. "रविवारी."

मी चकितच झालो. मी राहायला आल्यापासून हा माणूस स्टेशनच्या पलीकडं गेला नव्हता. लग्नकार्यांची बोलावणी यायची, तर "मांडव मला मानवत न्हाई" म्हणून घरी बसायचा.

रविवारी आम्ही एसटीत बसलो. अप्पांनी धोतराच्या फडक्यात बांधून फरशी बरोबर घेतली होती. कंडक्टरनं गाठोडं उचलून बघितलं.

"काय हाय हे?"

"फरशी."

"एकच? घर बांधायचंय का?"

"न्हाई. म्हातारीला ऐकवायचीय."

कंडक्टरनं सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. अप्पांनी पैसे दिले, उरलेली मोड घेतली, गाठोडं सोडलं आणि नाणं फरशीवर टाकलं. गाडीच्या धडधडीत काही ऐकू येईना. तेव्हा अप्पा ड्रायव्हरला ओरडले, "ओ, जरा मशीन बंद करा!" ड्रायव्हरला वाटलं कुणाला उलटी होते आहे. त्यानं खरंच गाडी बाजूला घेऊन बंद केली. त्या शांततेत नाणं वाजलं. "बराबर. चला आता," अप्पा म्हणाले. पुढं केदारखेड्यापर्यंत कंडक्टर आमच्याकडं आला नाही.

कौतिकाबाईची सासू भागूबाई अंगणात खाटेवर बसली होती. पंच्याहत्तरीची, ताठ, मिश्री लावून काळे झालेले दात. आमची बातमी आमच्या आधी पोचली असावी, कारण अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. कौतिकाबाईचा नवरा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, हे प्रकरण दुसऱ्याच कुणाच्या घरचं आहे अशा चेहऱ्यानं.

"जालन्याहून साक्षीदार आणला का सुनबाईनं?" भागूबाई म्हणाली.

"साक्षीदार न्हाई. पारखी हाय मी. खजिन्यातला," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फरशी जमिनीवर मांडली.

पहिल्यांदा दोन तोंडांचा रुपया वाजला. घंटेसारखा. अप्पांनी पीठ मागवलं, राजा दाबून दाखवला, टांकसाळीची चूक समजावून सांगितली. बायका वाकून पिठात बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "खरंच की वो." माझ्या हिशोबानं काम झालं होतं. पण अप्पांच्या अंगात तीस वर्षांची नोकरी होती. ते म्हणाले, "बाकीचे आणा. सगळेच एकदाला वाजवून टाकू."

"ते कशाला?" भागूबाई चटकन बोलली. "ते घरचेच हायेत."

पण लोकांना मजा वाटायला लागली होती. "आणा की, आज्जी! होऊन जाऊ द्या!" म्हातारीनं आत जाऊन पेटी उघडायला बराच वेळ लावला.

दहा रुपये फरशीजवळ आले, वडिलांचे सहा एका पुरचुंडीत, सासरचे चार दुसरीत. अप्पा डोळे मिटून एकेक टाकायला लागले. खण्ण. "बराबर." खण्ण. "बराबर." लोक मोजत होते. वडिलांचे उरलेले सहाच्या सहा खरे निघाले. मग सासरचे. त्यातला पहिला पडला. तो वाजलाच नाही. भद्द करून बसला. अंगणातल्या पन्नास माणसांना फरक कळला नाही. ते अप्पांच्या तोंडाकडं बघत होते. मी मात्र खाटेकडं पाहिलं. भागूबाईची नजर फरशीवर खिळली होती आणि तिनं खाटेची कड घट्ट धरली होती. तिला माहीत होतं. तो रुपया कधी, कुणी, कशापायी बदलला होता कोण जाणे, पण तिला माहीत होतं.

मी अप्पांच्या "उचला"ची वाट बघत होतो. देवळातली आरती थांबवणारा माणूस होता तो.

अप्पांचे डोळे जरा जास्त वेळ मिटलेले राहिले.

"बराबर," ते म्हणाले आणि पुढचा टाकला.

शेवटी फरशीजवळून उठून त्यांनी हात झटकले. "अकराच्या अकरा बराबर."

कौतिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अप्पा, एकदा माझ्या दादाचं नाव घेऊन म्हणा. सोनाजी."

अप्पांनी टोपी सारखी केली आणि खजिन्यात पुकारा करावा तसे मोठ्यानं म्हणाले, "सोनाजीचा रुपया खरा हाय!"

बाई आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. भागूबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "माळेत मधी ठेवा तो." कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

चहा झाला. आम्ही निघालो तर म्हातारी काठी टेकत फाटकापर्यंत आली. मागं कुणी नाही बघून तिनं विचारलं, "अप्पा, कान बराबर हायेत ना तुमचे?"

"वय झालं, बाई."

ती उभीच राहिली. अप्पांनी कनवटीचा आपला कलदार काढून तिच्या हातात ठेवला. "नातीला आहेर. माळ सोनाराकडं जाईल तव्हा कोणाचं लक्ष नसतं. अदलाबदल करून घ्या."

म्हातारीनं तो पदरात बांधला. 

रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "अप्पा, सासरचा तो पहिला रुपया खोटा होता."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कळलं तुमाला? शाबास! कान तयार झाला की वो!" मग चेहरा पुन्हा उतरला. आम्ही एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली बसलो. गाडीला वेळ होता.

"मास्तर, माझं लग्न झालं तव्हा मी एकोणीस वर्षांचा. खजिन्यात नवीन लागल्तो. सासऱ्यानं ताटात पाच रुपये ठेवले. मी वाजवले."

"कुठं?"

"मांडवात. पाटावर बसल्या बसल्या. दुसऱ्याला म्हणलं, उचला. लोक हसले. मला वाटलं, माझ्या कानाचं कौतिक करून राह्यलेत." ते रस्त्याकडं बघत होते. "सासऱ्यानं उचलला रुपया. हात जोडले मला. परत आमच्या दारात आला न्हाई कधी. हिनं चौदा वर्षं संसार केला, एका शब्दानं बोलली न्हाई. माहेरचं बोलावणं आलं की म्हणायची, घरी काम हाय. तशीच गेली."

अप्पांनी फरशीच्या गाठोड्याची गाठ घट्ट केली.

"रुपया खोटाच व्हता, मास्तर. बिलकुल खोटा. पण त्या माणसानं काय तो सोता पाडल्ता?"

गाडी आली. आम्ही बसलो. निम्मी वाट झाली असेल, एका फाट्याजवळ अप्पा अचानक उभे राहिले आणि कंडक्टरला म्हणाले, "हितं उतरायचंय." तोच सकाळचा कंडक्टर, त्यानं काही न विचारता घंटी मारली.

"इथं काय आहे?" मी खाली उतरल्यावर विचारलं.

"तिचं माहेर. कोसभर आत हाय. मेव्हणा हाय म्हणतेत अजून. लग्नात दहा वर्षांचा व्हता." मग चार पावलं चालून थांबले. "तुमी या संगं. मला एकट्याला दारात उभं करतेत की न्हाई, कोण जाणे."

सतत दरडावणाऱ्या त्या आवाजात असं काही मी ऐकलं नव्हतं. फरशीचं गाठोडं मी खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो. गावात विचारत विचारत घर सापडलं. ओसरीवर पिकलेल्या मिशांचा एक माणूस सुतळी वळत बसला होता. त्यानं कपाळावर हात धरून आमच्याकडं पाहिलं.

"कोण?"

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. नाव सांगतील, खजिना सांगतील, असं मला वाटलं.

"काशीचा मालक," ते म्हणाले.

सुतळी वळणारे हात थांबले. तो माणूस बघत राहिला, इतका वेळ, की मला वाटलं आता तो उठून आत जाईल आणि दार लावून घेईल. तो उठला. आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडला,

"पाणी आणा गं जल्दी. दाजी आलेत."